कुर्ला-बीकेसी-वांद्रे ट्राम : आधी रस्त्यात जागा द्या, मग रूळ टाका

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) बुलेट ट्रेनचे भूमिगत स्थानक बांधले जात आहे, मेट्रो ३ चे स्थानक ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे आणि वांद्रे स्थानकापासून कुर्ला स्थानकापर्यंत पॉड टॅक्सी, म्हणजे चालकाविना धावणारे छोटे डबे, चालवण्याची योजनाही जाहीर झालेली आहे. मी मुलुंडला राहते आणि गेली सोळा वर्षे बीकेसीतील एका कार्यालयात नोकरी करते. सकाळी मुलुंडहून लोकलने कुर्ल्याला पोहोचायला मला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेकडून कार्यालयाच्या दारापर्यंतच्या तीन-साडेतीन किलोमीटरांना लागतो. शेअर रिक्षाची रांग, रांगेच्या शेवटी रिक्षात चौथी सीट भरेपर्यंतची वाट, त्यानंतरची कोंडी आणि पावसाळ्यात या सगळ्यावर साचलेले पाणी हा माझ्यासारख्या हजारो नोकरदारांचा रोजचा क्रम आहे. या तीन-साडेतीन किलोमीटरांसाठी ट्रामचा गंभीरपणे विचार व्हावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ट्राम म्हटले की मुंबईत लगेच आठवणींचा विषय निघतो, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करते की मला जुन्या मुंबईची शोभा परत आणायची नाही. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत ट्रामचा डबा ठेवलेला आहे, हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले होते आणि दादर टी.टी. या नावातला दुसरा ‘टी’ टर्मिनसचा असला तरी पहिला ट्रामचाच आहे. या खुणा जपल्या जाव्यात, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या वाहनाने नव्वद वर्षे या शहराची ने-आण केली, त्याकडे केवळ संग्रहालयातील वस्तू म्हणून पाहिल्याने, ते का बंद पडले आणि आज ते कोणत्या अटींवर उपयोगी पडेल, हा प्रश्न मागे पडतो.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी असे तिचे पहिले दोन मार्ग होते. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाला सुरुवातीला तीन आणे पडत आणि तिकीट म्हणून काही दिले जात नसे. त्या काळातील तीन आणे ही सामान्य माणसासाठी लहान रक्कम नव्हती. भाडे उतरत गेले तशी ट्राम खऱ्या अर्थाने लोकांची झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, तेव्हा ट्रामचा जम बसलेला होता. शहराला बस आणि वीज पुरवणाऱ्या बेस्टच्या मूळ इंग्रजी नावातील शेवटचे अक्षर ट्रामवेजचे होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम महापालिकेकडे आला, त्यानंतर त्या अक्षराचा अर्थ ट्रान्सपोर्ट असा झाला. एकेक मार्ग बंद होत अखेर ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली ट्राम शेवटची ठरली.

माझे सासरे ट्रामवर कंडक्टर होते आणि ट्राम बंद झाल्यावर बसवर गेले. ट्राम का बंद झाली, हे ते फार साध्या शब्दांत सांगत असत. रुळावर हातगाडी किंवा माल उतरवणारा ट्रक उभा राहिला की ड्रायव्हर पायाने घंटा बडवत राही, मागे तीन-चार ट्राम खोळंबत आणि लोक उतरून चालू लागत. बसला बाजूने वळसा घालता येई, ट्रामला येत नसे. ट्राम हळू चालते असे लोक म्हणत, पण ट्रामची गती कमी नव्हती, तिला मोकळा रस्ता मिळत नव्हता, असे त्यांचे ठाम मत होते. मोटारी वाढत गेल्या तशी रुळांवरची जागाही मोटारींकडे गेली आणि ज्या वाहनात सर्वांत जास्त माणसे बसत होती, तेच वाहन वाहतुकीला अडथळा ठरले. दोष वाहनाचा नव्हता, रस्त्याच्या वाटणीचा होता, ही त्यांची गोष्ट मला आज अधिक पटते.

कोलकात्यातही हेच घडले आहे. विजेवर चालणारी ट्राम १९०२ पासून त्या शहरात आहे आणि मुंबई, दिल्ली, मद्रास व कानपूर येथील ट्राम बंद झाल्यानंतरही ती टिकून राहिली. तेथील अनेक रस्त्यांवर ट्रामचे रूळ मधल्या राखीव, हिरवळ असलेल्या पट्ट्यांवर होते. रस्ता रुंद करण्याच्या नावाखाली ते पट्टे काँक्रीटने भरले गेले आणि मोटारींना खुले झाले. राखीव जागा गेल्यावर ट्राम मोटारींच्या गर्दीत अडकू लागली, अडकू लागल्यावर ती संथ ठरली आणि संथ ठरल्यावर तिचे मार्ग कमी केले गेले. २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा एक मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीची सेवा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईत ट्रामचा विषय काढला की समोरचे लोक कोलकात्याचे उदाहरण देतात. ते उदाहरण द्यायला हवेच, मात्र राखीव पट्टा काढून घेतल्यावर काय होते, हे त्यातून दिसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

याच्या उलट उदाहरणही आहे. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहराने आपली जुनी ट्राम १९६० मध्ये, म्हणजे मुंबईच्या चार वर्षे आधी, याच कारणांनी बंद केली होती. १९९४ मध्ये ती परत आणली तेव्हा त्या शहराने मध्यवर्ती चौकातून मोटारींची आरपार ये-जा बंद केली आणि ती जागा ट्रामला व पायी चालणाऱ्यांना दिली. नव्या ट्रामचा फलाट पदपथापेक्षा थोडाच उंच असतो, डब्याची जमीन त्याच पातळीवर असते आणि म्हातारी माणसे, बाबागाडी घेतलेली आई किंवा चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी कोणाच्या मदतीशिवाय आत येऊ शकतात. मुंबईत मेट्रोचे जिने आणि लोकलचे पूल चढताना गुडघे धरणारी माणसे मी रोज पाहते, आणि रस्त्याच्याच पातळीवर मिळणाऱ्या वाहनाचे मोल त्यांच्यासाठी किती आहे, ते कोणत्याही प्रकल्प अहवालात पुरेसे मांडलेले मी वाचलेले नाही.

आता कुर्ला-बीकेसी-वांद्रे या मार्गाविषयी. मुंबईची रेल्वे मुख्यतः उत्तर-दक्षिण धावते आणि पूर्व-पश्चिम जोडणी हा या शहराचा जुना कमकुवत भाग आहे. कुर्ल्याला मध्य व हार्बर, वांद्र्याला पश्चिम व हार्बर असे मार्ग येतात आणि मधल्या बीकेसीत कार्यालये, न्यायालये, बँका, रुग्णालये, शाळा आणि मेट्रोचे स्थानक एकत्र आली आहेत. दोन्ही टोकांना लोकल आणि मधे सबंध दिवस उतारू, असा मार्ग ट्रामसाठी आदर्श मानला जातो, कारण त्यावर सकाळी एका दिशेने भरून जाणारी आणि उलट रिकामी येणारी गाडी चालवावी लागत नाही.

थोडा हिशेब मांडते. साधारण पस्तीस-चाळीस मीटर लांबीच्या ट्राममध्ये बसलेले आणि उभे मिळून अडीचशे प्रवासी सहज मावतात. गर्दीच्या वेळी दर तीन मिनिटांनी एक गाडी धरली, तर एका दिशेने तासाला पाच हजार माणसे जातील. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर मोटारींची एक मार्गिका तासाला फार तर हजारभर मोटारी पुढे नेते आणि त्यांतील बहुतेक मोटारींत एक किंवा दोन माणसे असतात. नियोजित पॉड टॅक्सीच्या एका डब्यात सहा प्रवासी बसतील असे सांगितले जाते. तेच पाच हजार प्रवासी पॉडमधून न्यायचे असतील, तर प्रत्येक जागा भरलेला एक पॉड दर सव्वाचार-साडेचार सेकंदांना सुटावा लागेल. हा हिशेब शाळकरी आहे, याची मला कल्पना आहे आणि तज्ज्ञांनी तो तपासावा. पण कुर्ल्याच्या पुलावरून एकाच लोकलचे प्रवासी उतरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी सहा-सहाच्या डब्यांत ती गर्दी बसवण्याची कल्पना करून पाहावी, एवढेच मी म्हणेन.

मग ट्रामच का, बस का नाही, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. बस आधी हवीच. एकेकाळी चार हजारांहून अधिक बस असलेल्या बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे, साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आहे आणि भाडेतत्त्वावरील बसच्या ठेकेदारांनी मधूनच सेवा सोडल्यामुळे प्रवाशांचे जे हाल झाले, ते सर्वांसमोर आहेत. बेस्टच्या बस वाढवण्याऐवजी ट्राम आणा, असे कोणी म्हटले तर मी त्याला विरोध करीन. मात्र ज्या एका पट्ट्यात दर दोन मिनिटांनी बस सोडूनही रांग संपत नाही, तेथे एका चालकाबरोबर तीन-चार बसचे प्रवासी नेणारे वाहन उपयोगी ठरते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना होणारे घर्षण टायरपेक्षा बरेच कमी असते, त्यामुळे तेवढ्याच प्रवाशांना वीज कमी लागते आणि टायर झिजून उडणारी धूळही नसते.

याखेरीज एक कारण आहे आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. रंगाने आखलेली मार्गिका मुंबईत टिकत नाही. बीकेसीतच सायकलींसाठी वेगळ्या मार्गिका बांधल्या होत्या. त्यांच्यावर दुचाकी आणि मोटारी उभ्या राहू लागल्या आणि पुढे त्या काढून रस्त्यात सामावून घेण्याचे ठरले. पुण्यातही २००६ पासून बससाठी राखीव मार्ग तयार झाले, पण इतर वाहने त्यांत शिरत राहिली आणि नगर रस्त्यावरचा मार्ग तर उखडला गेला. रंग पुसला जातो, दुभाजक एका रात्रीत काढता येतो, परंतु रूळ, फलाट आणि विजेच्या तारा यांवर खर्च केलेला पट्टा मोटारींना परत देताना कोणत्याही अधिकाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागतो. कोलकात्याने दाखवल्याप्रमाणे तोही देता येतो, पण ते उघडपणे, सर्वांच्या देखत करावे लागते.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. बीकेसीतील रस्ते रुंद आहेत, कुर्ला स्थानकाकडचे तसे नाहीत. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत घुसून जो भीषण अपघात झाला, त्यात अनेकांचे जीव गेले. त्या रस्त्यावर फेरीवाले, रिक्षा, बस, दुकानांचा माल आणि हजारो पादचारी यांना एकाच वेळी जागा लागते, आणि नुसते रूळ टाकून तेथे सुरक्षितता येणार नाही. त्या शेवटच्या टप्प्यात मोटारी आणि रिक्षा आत येऊ न देता तो रस्ता पादचारी, ट्राम आणि आपत्कालीन वाहने यांच्यासाठी राखणे, फेरीवाल्यांना त्याच ठिकाणी निश्चित जागा देणे आणि ट्रामची गती तेथे माणसाच्या जलद चालीइतकी ठेवणे, एवढे तरी करावे लागेल. फेरीवाल्यांना हुसकावून मार्ग मोकळा करण्याच्या मी विरोधात आहे. सकाळी घाईत मी न्याहारी त्यांच्याकडूनच घेते आणि रात्री नऊनंतर त्या रस्त्यावरून एकट्या स्त्रीला निर्धास्तपणे चालता येते ते त्यांच्या दिव्यांमुळे.

पाण्याचा प्रश्न तर अधिकच कठीण आहे. बीकेसी मिठी नदीच्या काठच्या भरावावर उभे आहे, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीने कुर्ल्याची काय अवस्था केली, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. आजही मोठ्या भरतीला जोराचा पाऊस गाठ पडला की नदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरते. रुळांच्या खाचांत गाळ बसतो, पाणी ठरावीक उंचीच्या वर गेले की लोकलप्रमाणे ट्रामही थांबवावी लागते. म्हणून पट्ट्याची पातळी, त्याखालचा निचरा आणि रोज खाच साफ करणारी गाडी यांचा विचार आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवा. फ्रान्सच्या बोर्डो शहरात २००३ पासून जमिनीतील पट्टीतून वीज घेणारी ट्राम धावते आणि शहर सुशोभित दिसावे म्हणून आपल्याकडेही कोणी तसा आग्रह धरील. मुंबईच्या पावसात मला डोक्यावरची तार अधिक भरवशाची वाटते.

परदेशी यंत्रणेवर डोळे मिटून विसंबण्याचे परिणाम आपण मोनोरेलमध्ये भोगले आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढवलेल्या या मार्गावर सुट्या भागांअभावी गाड्या कमी होत गेल्या, फेऱ्यांमधले अंतर वाढत गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाड्या व नवी यंत्रणा बसवण्यासाठी सेवाच थांबवावी लागली. इथिओपियाच्या आदिस अबाबा शहरात २०१५ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झालेल्या ट्रामसारख्या रेल्वेचीही अशीच अवस्था झाली. मार्ग आहेत, प्रवासी आहेत, पण दुरुस्तीअभावी बऱ्याच गाड्या आगारात उभ्या राहिल्या. रुळांवरच्या ट्रामची जमेची बाजू ही की तिचे तंत्र एकाच कंपनीच्या मालकीचे नसते. मेट्रो १ ज्या प्रमाणित रुंदीच्या रुळांवर धावते, तीच रुंदी वापरली आणि देखभालीची कामे मेट्रोच्या कारशेडशी जोडली, तर सुट्या भागांसाठी एका देशाच्या दाराशी उभे राहावे लागणार नाही. ही अट निविदेतच लिहिलेली असावी.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात प्रत्येक प्रस्तावापूर्वी इतर पर्यायांची तुलना करणे बंधनकारक आहे आणि स्थानकांच्या आसपासच्या पाच किलोमीटर परिसरातील पूरक वाहतुकीची योजनाही मागितलेली आहे. बीकेसीच्या संदर्भात ट्राम, राखीव मार्गावरील बस आणि पॉड टॅक्सी या तिघांची तशी तुलना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) करावी आणि ती मराठीत, सर्वसामान्य प्रवाशाला समजेल अशा भाषेत जाहीर करावी. त्या तुलनेत प्रति किलोमीटर खर्चाबरोबर तासाला किती माणसे जातील, भाडे किती असेल आणि ते लोकलच्या पासला जोडले जाईल का, हे आकडेही यावेत. भाडे बेस्टच्या बसच्या आसपास राहिले नाही, तर कार्यालयांची सफाई करणाऱ्या, चहा पोहोचवणाऱ्या आणि पहारा देणाऱ्या माणसांना ट्रामचा काही उपयोग होणार नाही. बीकेसीत सर्वांत आधी पोहोचतात आणि सर्वांत उशिरा निघतात, ती हीच माणसे.

शेवटी माझी प्रत्यक्ष मागणी. रूळ, गाड्या किंवा सल्लागार यांवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी वांद्रे स्थानक पूर्व ते कुर्ला स्थानक पश्चिम या संपूर्ण मार्गावर दोन्ही दिशांची एकेक मार्गिका सहा महिने पक्क्या दुभाजकाने वेगळी करून फक्त बेस्टच्या बस आणि रुग्णवाहिका यांना द्यावी. चौकांतील सिग्नल बसला आधी सोडतील असे लावावेत, मार्गिकेत उभ्या राहणाऱ्या वाहनांवर, मग ते कोणाचेही असो, रोज कारवाई करावी आणि कुर्ल्याहून वांद्र्याला लागणारा वेळ दर आठवड्याला थांब्यांवर लावावा. सहा महिने ती जागा राखता आली, तर त्याच जागेत रूळ टाकण्याचा प्रस्ताव मांडावा. राखता आली नाही, तर ट्रामचा विषय तूर्त बाजूला ठेवून तोच पैसा बेस्टला नव्या बससाठी द्यावा. ही चाचणी एप्रिल ते सप्टेंबर या काळात घ्यावी, म्हणजे भर उन्हाळ्याची दुपार, शाळा सुरू होण्याचा आठवडा आणि मोठ्या भरतीचे पावसाळी दिवस हे तिन्ही तिच्यात येतील, आणि पाणी नेमके कोठे, किती इंच साचते याची नोंद रूळ आखणाऱ्या अभियंत्याच्या हाती आधीच असेल.

आपली नम्र,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई